जर्मनीत शिकायचं आणि कमवायचं, पण कुठल्या क्रमाने?

इचलकरंजीहून जर्मनीला एमएसला निघालो तेव्हा माझ्या काकांनी एकच प्रश्न विचारला होता, "तिकडं शिक्षण फुकट आणि वर नोकरी करत शिकता येतं म्हणे, मग घरून कशाला पैसे पाहिजेत?" त्या वेळी उत्तर देता आलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. आता दर उन्हाळ्यात गावाकडच्या पाच-सात मुलामुलींचे फोन येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न काकांचाच असतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जर्मनी स्वस्त आहे, फुकट नाही. पहिलं वर्ष पूर्ण घरच्या किंवा कर्जाच्या पैशावर काढायचं असा हिशेब करूनच निघा. खरी कमाई दुसऱ्या वर्षात सुरू करा आणि ती शक्यतो आपल्याच विषयातली असू द्या. हा क्रम ज्यांनी उलटा केला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मी परीक्षेत आपटताना पाहिलंय. एकदा मी स्वतःही आपटलोय.

हे सगळं पदवीनंतर मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर थेट जायचं असेल तर नियम वेगळे आहेत. नुसत्या बारावीवर साधारणपणे प्रवेश मिळत नाही, मध्ये श्टुडियनकोलेग नावाचं वर्षभराचं तयारीचं वर्ष करावं लागतं किंवा इथलं पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण करून जावं लागतं.

फीचा गोंधळ

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क असतं, शंभर ते चारशे युरोच्या दरम्यान. बऱ्याच शहरांत त्यातच बस-ट्रामचा पासही येतो. पण याला अपवाद आहेत आणि ते नेमके आपल्या मुलांच्या आवडीचे आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग या पट्ट्यात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून आपल्यासारख्यांना फी लावली, मास्टर्सला दर सेमिस्टर ४,००० ते ६,००० युरो. तुमच्या ओळखीचा दादा २०२२ मध्ये तिथून फुकट शिकून आला असेल तर ते खरंच आहे, पण ते आता तुम्हाला लागू नाही.

खासगी विद्यापीठांबद्दल थोडं सावध राहा. मी ज्या कन्सल्टन्सीत पहिल्यांदा गेलो होतो तिथल्या साहेबांनी माझी गुणपत्रिका धड न बघता खासगी कॉलेजांची तीन नावं काढून दिली. वर्षाची फी दहा लाखांच्या पुढे. माझ्या सीजीपीएवर सरकारी विद्यापीठ मिळणारच नाही, असं ते ठामपणे म्हणाले. पुढे चार सरकारी ठिकाणी अर्ज केले आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. सरकारी विद्यापीठ एजंटला कमिशन देत नाही, एवढं लक्षात ठेवलं की त्यांच्या यादीचा अर्थ आपोआप लागतो. डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या, संकेतस्थळावर सगळे इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम शोधता येतात. एक रविवार बसून ते चाळा. कन्सल्टन्सीचे पन्नास हजार वाचतील.

आपला सीजीपीए जर्मन भाषेत

जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. आपले गुण तिथल्या मापात बसवायला एक सूत्र वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल उणे पासिंग या फरकाने भागा, तीनने गुणा आणि त्यात एक मिळवा.

समजा सीजीपीए ७.८ आहे, कमाल १० आणि पासिंग ४. मग १० उणे ७.८ म्हणजे २.२. त्याला ६ ने भागून ३ ने गुणलं की १.१. एक मिळवला की २.१. बऱ्याच अभ्यासक्रमांची अट २.५ पर्यंतची असते, म्हणजे ७.८ वाला आरामात रांगेत आहे. सीजीपीए ७.० असेल तर बरोबर २.५ येतो, म्हणजे काठावर. हे गणित घरीच करून मग यादी बनवा. पासिंग चारऐवजी पाच धरलं तर उत्तर बदलतं, म्हणून गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेले नियम नीट वाचा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे विषय जुळणं. तिथे प्रवेश देताना तुमच्या पदवीत गणित किती, थर्मोडायनॅमिक्स किती, प्रोग्रॅमिंग किती, असे क्रेडिट मोजतात. मेकॅनिकलच्या मुलाला डेटा सायन्सला नकार येतो तो गुणांमुळे नव्हे, बहुतेकदा या मोजणीमुळे.

अर्जाचं वर्ष

हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं. इंटरनॅशनल मास्टर्सच्या मुदती बऱ्याच ठिकाणी मार्च ते मे असतात, काही ठिकाणी १५ जुलैपर्यंत. म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात जायचं तर आदल्या ऑगस्टपासून कामाला लागा.

सगळ्यात आधी एपीएस. भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमच्या पदव्या खऱ्या आहेत का, याची दिल्लीतलं कार्यालय पडताळणी करतं. फी १८,००० रुपये. महिना-दोन महिने लागतात आणि हंगामात जास्तही. कागद पाठवताना एक चूक फार जण करतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट वेगळा क्रम आणि पदवीवर आडनाव आधी. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की कुणाला खटकत नाही. तिकडे खटकतं. पासपोर्टच हातात नसेल तर तो काढताना नावाचा क्रम ठरवून घ्या.

विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्टही आधीच मागवा. परीक्षा विभागाच्या खिडकीवर "पंधरा दिवसांनी या" हे उत्तर मला तीनदा मिळालं होतं.

कित्येक विद्यापीठं अर्ज थेट घेत नाहीत, युनि-असिस्ट नावाच्या संस्थेमार्फत घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच हंगामातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. पाच-सहा ठिकाणी करा, वीस ठिकाणी नको. इंग्रजीच्या आयईएल्टीएस परीक्षेत बहुतेक ठिकाणी ६.५ गुण लागतात.

मोटिव्हेशन लेटरबद्दल एकच सांगतो. "लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती" इथून सुरुवात करू नका, असं पत्र प्राध्यापकाने त्या सकाळी चाळीस वेळा वाचलेलं असतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं काय बिघडलं आणि तुम्ही काय केलंत, ते लिहा. माझ्या पत्रातला सगळ्यात बरा परिच्छेद यंत्रमागाच्या बेअरिंगच्या कंपनावर होता. गावात दिवसभर तोच आवाज ऐकत वाढलो होतो, त्यामुळे लिहायला काही बनवावं लागलं नाही.

पैसे: इथे घाई नको

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं. १ सप्टेंबर २०२४ पासून त्याची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. तिकडे गेल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो तुमच्या चालू खात्यात येतात. हिशेबाला सोपं म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरला तर हे झाले जवळपास १२ लाख. ही फी नाही, तुमचेच खाण्याराहण्याचे पैसे आहेत, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. माझ्या आईला दोन महिने वाटत होतं की बारा लाख जर्मन सरकारला गेले.

विमान, व्हिसाचे ७५ युरो, विमा, पहिल्या महिन्याचं डिपॉझिट, थंडीचे कपडे हे धरलं की हातात १४ ते १५ लाखांची तयारी हवी. कर्ज घेणार असाल तर साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात. इथे ग्रामीण भागातल्या घरांची गोची होते. सातबारा घेऊन बँकेत गेलं तरी शेतजमीन तारण म्हणून बहुधा चालत नाही, कारण थकबाकी वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमीन जप्त करता येत नाही. एनए प्लॉट, घर किंवा मुदत ठेव लागते. शाखेत हे कळायलाच एखादा महिना जातो, म्हणून प्रवेशपत्राची वाट न बघता आधीच विचारून या. मंजुरीपत्रात राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम धरली आहे ना, तेही वाचून घ्या.

परदेशी पैसे पाठवताना टीसीएसचं, म्हणजे बँक आधीच कापून घेते त्या कराचं, भूत मध्ये येतं. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर तो लागत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलं तर एका माणसाला एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत सूट आहे, त्यापुढच्या रकमेवर कापतात. कापला तरी बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. तरी थोडे आईच्या आणि थोडे वडिलांच्या खात्यातून पाठवले तर ती कटकटच उरत नाही.

शिष्यवृत्त्यांचं म्हणाल तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या वेगवेगळ्या खात्यांच्या योजना आहेत. जागा थोड्या आणि मुदती आडवेळी, पण अर्ज न करण्याचं काही कारण नाही. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं.

व्हिसा आणि खोली, दोन्ही एकदम

प्रवेशपत्र हातात आलं की त्याच दिवशी दोन कामं करा: व्हिसाचा अर्ज आणि हॉस्टेलचा अर्ज. महाराष्ट्रातल्या मुलांचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. कागद साधारण असे लागतात: प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, आरोग्य विमा, भाषेचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, मोटिव्हेशन लेटर. नकार आला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली, आता नव्याने अर्ज करायचा किंवा कोर्टात जायचं. म्हणून पहिल्याच फेरीत कागद पक्के हवेत.

खोलीचं काम व्हिसापेक्षा अवघड आहे. स्वस्त खोल्या श्टुडीरेंडनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या हॉस्टेलांत असतात, अडीचशे ते चारशे युरो भाडं. रांग मोठी असते आणि कित्येक शहरांत सहा-सहा महिने नंबर लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे वेगे, तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली. पूर्वेकडच्या केम्निट्झ, माग्डेबुर्गसारख्या शहरांत ती तीनशेच्या आसपास मिळून जाते. म्युनिकमध्ये तशाच खोलीला सातशे-आठशे सहज लागतात. विद्यापीठ निवडताना नावाच्या रँकिंगइतकाच शहराच्या भाड्याचा विचार करा. ते चार-पाचशे युरोंचं अंतर दोन वर्षं दर महिन्याला भरायचंय.

फसवणूक ठरलेल्या पद्धतीची असते. खोलीचे सुंदर फोटो, भाडं संशयास्पद कमी आणि मालक "सध्या लंडनला", डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरियर करणार. किल्ली कधीच येत नाही. खोली किंवा निदान व्हिडिओ कॉलवर माणूस बघितल्याशिवाय एक युरो पाठवू नका. आणि जाहिरातीत भाडं 'काल्ट' लिहिलंय की 'वार्म' ते बघा. काल्ट म्हणजे हीटिंग-पाण्याशिवायचं, वार्म म्हणजे ते धरून. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

उतरल्यावरचे पंधरा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. तिकडचं सगळं आयुष्य या एका कागदाला टांगलेलं आहे. त्याशिवाय करक्रमांक येत नाही, करक्रमांकाशिवाय पगार नीट होत नाही. आनमेल्डुंगला घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो. मी भाडेकरार घेऊन गेलो, फॉर्म नव्हता. खिडकीतल्या बाईंनी करार बाजूला सारला, कोरा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला, सहीच्या रेषेवर पेनाने एक बारीक फुली मारली आणि पुढची तारीख दिली. तीन आठवड्यांनंतरची! हुज्जत घालण्यात काही अर्थ नसतो. त्या रागावलेल्याही नव्हत्या, कागद अपुरा होता एवढंच.

मग चालू खातं उघडा, ते ब्लॉक्ड अकाउंटशी जोडा. पहिले ९९२ युरो यायला कधी कधी दोन-तीन आठवडे जातात, म्हणून फॉरेक्स कार्डावर हजार-दीड हजार युरो वेगळे ठेवा.

आरोग्य विमा सरकारी पद्धतीचाच घ्या. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सवलतीचा दर आहे, महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. खासगी विमा चाळीस-पन्नासात मिळतो म्हणून मुलं त्याच्याकडे वळतात. पण सरकारी विम्यातून एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. दाढ दुखायला लागली की मग कळतं.

घरपट्टीसारखी एक भानगड म्हणजे रेडिओ-टीव्ही वर्गणी. घरात टीव्ही असो-नसो, दर घराला महिन्याला १८.३६ युरो. वेगेत राहत असाल तर सगळ्यांत मिळून एकदाच. पत्र आलं की केराच्या टोपलीत टाकू नका.

आणि व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करा. अपॉइंटमेंट मिळायलाच महिने लागतात. अर्ज वेळेत केला असेल आणि परवाना हातात यायला उशीर होत असेल तर मधल्या काळासाठी तात्पुरता कागद देतात, तो मागून घ्या.

स्वयंपाकघराचं एक सांगून पुढे जातो. हॉस्टेलात छताला धूर ओळखणारा अलार्म असतो. जिरं-मोहरी तडतडून हिंग पडला की तो कोकलतो आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतची मुलं चपला न घालता बाहेर येऊन उभी राहतात. आधी खिडकी सताड उघडा, दार लावून घ्या, मग तेल तापवा. कुकर नेलात तर शेजाऱ्यांना शिट्टीचं आधीच सांगून ठेवा.

महिन्याचा हिशेब

९९२ मध्ये भागतं का? मध्यम शहरात असं बसतं: खोली ३५०, विमा १५०, किराणा आणि मेन्सा (विद्यापीठाची खानावळ) मिळून २००, सेमिस्टर शुल्काचा मासिक वाटा ५०, फोन १०, रेडिओ वर्गणीचा वाटा ६. झाले ७६६. उरलेल्या सव्वादोनशेत कपडे, प्रवास, वर्षातून एकदा चष्मा आणि चुका. सेमिस्टर शुल्कात पास नसेल तर देशभर चालणारं डॉइचलांड तिकीट महिन्याला ६३ युरोंना आहे. म्हणजे काटकसरीने भागतं. म्युनिकच्या खोलीने मात्र हाच हिशेब पावणेबाराशेवर जातो आणि मग पहिल्याच महिन्यापासून काम शोधावं लागतं. तिथेच क्रम उलटा होतो.

काम किती करता येतं

१ मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांपर्यंतचा दिवस अर्धा धरतात. लेक्चर चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या आत राहिलात तर तो अख्खा आठवडा अडीच दिवसांचा मोजता येतो. बावन्न आठवडे अडीच म्हणजे १३०, त्यामुळे वर्षभर वीस तासांची नोकरी केली तरी मर्यादेत राहता. सुट्टीच्या काळात पूर्णवेळ काम केलेला आठवडाही तसाच मोजता येतो. विद्यापीठातलं सहायकाचं काम, ज्याला सगळे 'हिवी' म्हणतात, या दिवसांत धरत नाहीत. अभ्यासक्रमातच सक्तीची असलेली इंटर्नशिपही नाही.

किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे. वीस तासांचे आठवड्याला २७८, महिन्याला बाराशेच्या आसपास. वेर्कश्टुडंट, म्हणजे शिकता शिकता कंपनीत काम करणारा विद्यार्थी, म्हणून करार असेल तर पगारातून मुख्यतः पेन्शनचे ९.३ टक्के कापले जातात, एवढ्या पगारावर आयकर जवळपास लागत नाही. हातात साधारण १,०९० येतात. मिनीजॉब प्रकारात महिन्याला ६०३ युरोंपर्यंत कमावता येतं आणि कापाकापी नाममात्र असते.

काय करता येत नाही ते जास्त महत्त्वाचं. विद्यार्थी परवान्यावर स्वतंत्र व्यवसाय चालत नाही. पुण्यातल्या मित्रासाठी बसल्या बसल्या वेबसाइट बनवून बिल लावणं हेसुद्धा त्यात येतं. त्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. डिलिव्हरीच्या कामात काही मध्यस्थ 'तू आमचा नोकर नाहीस, पार्टनर आहेस' म्हणतात. तिथे सही करू नका. रोखीने, कागदाविना काम तर मुळीच नाही.

हे आकडे पाहून कुणालाही वाटेल, मग पहिल्या महिन्यापासूनच वीस तास का नाही? कारण दुसऱ्या बाजूलाही एक आकडा आहे. सेमिस्टरला ३० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. सहा महिन्यांत साडेसातशे ते नऊशे तास. आणि तिथे वर्षभराची असाइनमेंट, इंटर्नल असला टेकू बऱ्याच विषयांना नसतो. शेवटी एक परीक्षा, तीच सगळं ठरवते.

माझं असं झालं. पहिल्याच डिसेंबरात एका गोदामात रात्रपाळी धरली. पार्सलांचा हंगाम, पैसे बरे. रात्री दहा ते सहा. सकाळी आठच्या लेक्चरला मी मागच्या बाकावर जॅकेट न काढता झोपायचो. फेब्रुवारीत कंट्रोल थिअरीच्या पेपरात पहिलं गणित वाचलं आणि कळलं की यातली चिन्हंसुद्धा मी वर्गात पाहिलेली नाहीत. नापास. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिन्ही गेल्या तर विद्यापीठातून नाव कमी होतं, त्याच विषयाच्या अभ्यासक्रमाला दुसऱ्या जर्मन विद्यापीठाचीही दारं बंद होऊ शकतात, आणि विद्यार्थी म्हणून मिळालेला परवाना मग कशाच्या जोरावर टिकणार? गोदामात मी कमावले होते बाराशे युरो. त्या एका पेपराने माझं पूर्ण एक सेमिस्टर वाढवलं, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, जवळपास सहा हजार.

मग काम कधी आणि कसं

पहिलं सेमिस्टर अभ्यास आणि जर्मन भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी गावातली आणि कंपनीतली भाषा जर्मनच आहे. निघण्याआधी जर्मनची एटू पातळी तरी करून जा. पुण्यामुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्येही वर्ग चालतात. प्रवेशाची वाट बघताना जे सहा महिने रिकामे जातात ते यालाच द्या. तिकडे गेल्यावर त्यापुढच्या बीवन पातळीपर्यंत रेटा. बीवन नसलेल्या आणि असलेल्या मुलांना मिळणाऱ्या कामांत गोदाम आणि ऑफिस इतका फरक पडतो.

दुसऱ्या सेमिस्टरला हिवीसाठी प्रयत्न करा. नोटीस लागायची वाट पाहू नका. ज्या विषयात चांगला ग्रेड आलाय त्या प्राध्यापकाच्या सहायकाला पाच ओळींची मेल लिहा. माझी अशी होती: तुमचा अमुक कोर्स मी गेल्या सेमिस्टरला केला, ग्रेड १.७, मॅटलॅबमध्ये कंपनांच्या डेटावर काम केलं आहे, दोन आलेख जोडले आहेत, आठवड्याला आठ-दहा तास देऊ शकतो, तुमच्या गटात अशी गरज असेल तर पंधरा मिनिटं भेटायला येऊ का? खाली नाव आणि विद्यार्थी क्रमांक. आठ जणांना अशी मेल केली, प्रत्येकाला वेगळी. सहा जणांनी उत्तर दिलं नाही, एकाने नाही म्हटलं, एकाने बोलावलं. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग' असली एकच मेल पन्नास जणांना पाठवणारा माझा रूममेट अजून उत्तराची वाट बघतोय.

तिसऱ्या सेमिस्टरपासून कंपनीत वेर्कश्टुडंट, मग तिथेच थीसिस. एकाच कंपनीत हे दोन्ही जमलं तर नोकरीचं निम्मं काम तिथेच होतं, कारण थीसिसच्या सहा महिन्यांत ते तुम्हाला रोज पाहत असतात. रेझ्युमे जर्मनमध्ये, एक-दोन पानांचा, तारखा सलग. मधलं वर्ष रिकामं असेल तर ते लपवू नका, विचारतातच.

दुसऱ्या वर्षी परवाना वाढवताना पैशांचा पुरावा पुन्हा मागतात. तेव्हा नोकरीचा करार आणि पगारपावत्या बऱ्याचदा चालतात. म्हणजे दुसऱ्या ब्लॉक्ड अकाउंटसाठी वडिलांना पुन्हा बँकेत जावं लागत नाही.

पगारातून आयकर कापला गेला असेल तर वर्षाअखेर कर विवरण भरा. २०२६ साठी १२,३४८ युरोंपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे सुट्टीत पूर्णवेळ काम केलेल्या महिन्यांत कापलेले पैसे बहुधा परत येतात. मला चारशेच्या वर मिळाले होते. त्यातून विमानाचं एकतर्फी तिकीट निघालं.

डिग्री हातात आल्यावर

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. त्या काळात पोट भरायला कुठलंही काम करता येतं, तासांची मर्यादा नाही. ब्लू कार्डासाठी, म्हणजे पदवीधरांना नोकरीवर मिळणाऱ्या निवास परवान्यासाठी, पगाराची अट २०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो आहे, पण नुकत्याच पदवीधर झालेल्यांना आणि टंचाई असलेल्या क्षेत्रांतल्यांना सुमारे ४५,९३४ वर चालतं. ब्लू कार्डवर बीवन जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम निवासाचा अर्ज करता येतो, नाहीतर २७ महिने. इथेही तो बीवन पुन्हा भेटतोच.

गाड्यांच्या उद्योगात सध्या भरती मंद आहे, हे माझ्या मेकॅनिकलच्या भावंडांना स्पष्ट सांगायला हवं. शंभर-दीडशे अर्ज आणि चार-पाच मुलाखती हे प्रमाण आता कुणाला धक्का देत नाही. तो काळ एकट्याने काढू नका. म्युनिक, फ्रँकफुर्टसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपतीला जा. माझ्या पहिल्या मुलाखतीची तयारी मोदकांच्या ताटाशेजारी बसून एका ताईंनी करून घेतली होती. त्या त्याच क्षेत्रात बारा वर्षं होत्या.

आणि परत यायचं ठरलं तर? येताना नगर कार्यालयात पत्ता रद्द केल्याची नोंद, आबमेल्डुंग, करून या. त्याचा कागद जपून ठेवा, बँक, विमा आणि फोन कंपनी तिघेही तो मागतात. माझा एक मित्र ते न करताच नगरला परतला. त्याच्या जुन्या पत्त्यावर रेडिओ वर्गणीची पत्रं अजून येतात आणि तिथे आता राहणारी मुलगी ती फोटो काढून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवते.